पोटातील जळजळ : कारणे व उपाय



अन्नपचनासाठी जठरात तीव्र आम्ल स्रवते. जठराचे अस्तर दुखावले, अथवा आम्ल अन्ननलिकेत चढले, म्हणजे जळजळ होते. दोष केवळ तिखटाचा नव्हे. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनी १९८२ साली ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जंतू वेगळा केला. पुष्कळांच्या जठरव्रणाचे मूळ तोच होय. योग्य औषधांनी तो नाहीसा होतो. वरचेवर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, तंबाखू व मद्य यांनीही अपाय होतो.

वेळेवर व बेताने जेवावे. जेवताच आडवे होऊ नये. खाण्याच्या सोड्याने क्षणभर आराम पडतो, कारण मात्र तसेच राहते. प्रस्तुत लेखकाने शाळेत असताना कित्येक वर्षे सोड्यावरच भागविले. रक्ताची उलटी झाली तेव्हा व्रण असल्याचे कळले. म्हणून जळजळ दोन-तीन आठवडे टिकल्यास वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखे काळे शौच झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

विद्यार्थ्याने पोट जळते म्हटल्यास तो सबब सांगतो असे समजू नये. प्रथम, “सकाळी काय खाल्लेस?” हे त्यास मायेने विचारावे.