४२.३४ मीटरवरचे हौशी

इंदापूर तालुक्यातल्या कळंबहून मुंबई सरळ रेषेत दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. मध्ये पृथ्वीचा बाक आणि सह्याद्रीची भिंत. शाळेच्या पटांगणात दोन खांबांवर वीस मीटर तार ताणून मुंबईशी बिनतारी बोलता येईल का? येईल. सुमारे ७ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या लहरी दिवसा जवळजवळ सरळ वर आयनांबरापर्यंत जातात आणि तेथून परतून भोवतालच्या काहीशे किलोमीटरांत उतरतात. डोंगर आडवा येतच नाही.

अशा आखूड लहरींचे सामर्थ्य प्रथम दाखवले ते हौशी लोकांनी, तेही अपमानातून. १९१२ साली अमेरिकेत कायदा झाला आणि हौशी मंडळींना २०० मीटरांहून लांब लहरी वापरण्याची मनाई झाली. त्याखालच्या लहरी दूर जात नाहीत, असा तज्ज्ञांचा समज होता. नोव्हेंबर १९२३ मध्ये हौशींनी सुमारे ११० मीटरांवर फ्रान्स व अमेरिका यांच्यात दुतर्फा संदेश पाठवले. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी तर लंडनच्या मिल हिल शाळेतल्या सेसिल गॉयडर या विद्यार्थ्याने न्यूझीलंडच्या फ्रँक बेलशी मोर्सच्या कडकट्ट भाषेत संवाद साधला!

तीनच वर्षांनी, १९२७ साली, भारत आणि इंग्लंड यांच्यात लघुलहरींवर तारसेवा सुरू झाली. तिचे प्रेषणकेंद्र खडकीला होते आणि ग्रहणकेंद्र दौंडला, म्हणजे कळंबपासून पन्नासएक किलोमीटरांवर. मिल हिलचा तो विद्यार्थी १९३६ साली भारतात येऊन ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता झाला.

आपल्याकडे हौशी बिनतारीचा आरंभ १९२१ साली कलकत्त्यात अमरेंद्रचंद्र गुप्तू आणि मुकुल बोस यांनी केला. १९३९ साली महायुद्ध पेटले तेव्हा सरकारने नवे परवाने थांबवले आणि हौशींना प्रेषक पोलिसांकडे जमा करायला लावले. मुंबईचे नरिमन प्रिंटर, संकेतनाव व्हीयू२एफयू, हे त्या काळातले एक हौशी. १९४२ च्या 'चले जाव' आंदोलनात गुप्त काँग्रेस रेडिओसाठी प्रेषक उभारला तो त्यांनी. २७ ऑगस्ट १९४२ पासून हे केंद्र ४२.३४ मीटरांवर बोलू लागले. चालवणाऱ्यांत बावीस वर्षांच्या उषा मेहता होत्या.

आता थोडे गणित करा. ३०० ला मीटरांतल्या तरंगलांबीने भागले की कंप्रता मेगॅहर्ट्‌झमध्ये मिळते. ३०० ÷ ४२.३४ म्हणजे सुमारे ७.१. आजही ७.० ते ७.२ मेगॅहर्ट्‌झ हा पट्टा हौशींचाच आहे!

केंद्राला सारख्या जागा बदलाव्या लागत. का? चौकटीचे एरियल फिरवत गेले की एका विशिष्ट स्थितीत आवाज अगदी क्षीण होतो व त्यावरून केंद्राची दिशा कळते. दोन ठिकाणांहून अशा दिशा घेऊन नकाशावर रेषा ओढल्या, की त्या छेदतात तेथे केंद्र. (दोन कागदी पट्ट्या आणि तालुक्याचा नकाशा घेऊन हे करून पाहा.) घात मात्र चौकटीने केला नाही. प्रिंटर पोलिसांच्या हाती लागले आणि त्यांनीच जागा दाखवली. १२ नोव्हेंबरला छापा पडला. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. त्या येरवड्याच्या तुरुंगातून १९४६ साली सुटल्या. यंत्र कितीही चोख असले तरी ते ठाऊक असणारा माणूस पकडला जाऊ शकतो, हे कोणत्याही मंडलाकृतीत दाखवता येत नाही.

युद्धानंतर परवाने पुन्हा मिळू लागले. १५ मे १९४८ रोजी महू येथे हौशींचा देशव्यापी क्लब निघाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर निरोप पोहोचवण्याच्या कामी हौशी केंद्रचालक धावले होते.

प्रक्षेपणासाठी केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, त्यावाचून प्रेषक जोडू नका. घरी लघुलहरींचा जुना रेडिओ असेल तर ४१ मीटरच्या पट्ट्याच्या कडेला काटा सावकाश फिरवा. हौशी सापडले तर बदकांच्या कलकलाटासारखा आवाज येईल. यंत्र बिघडलेले नाही. वीज वाचावी म्हणून हे लोक वाहक लहर आणि लहरींचा एका बाजूचा पट्टा पाठवतच नाहीत. ती वाहक लहर ग्राहीतच निर्माण करून मिसळली, की बोलणे स्पष्ट ऐकू येते.