सर्व काही सामाईक : खेतवाडीतील एका घराचा अभ्यास

मागील महिन्यात एका खेड्यातील मंडळीत अभ्यासवर्ग संपता संपता एका तरुण उपदेशकाने आम्हांस प्रश्न केला. ज्या समाजात कोणी उपाशी नाही व कोणी उच्च-नीच नाही, परंतु लग्न कोणी कोणाशी करावे व मूल कोणाच्या घरी जन्मावे हे समाजच ठरवितो, अशा समाजात राहणे बरे की वाईट? पुष्कळांनी लगेच "वाईट" असे उत्तर दिले. 1972 च्या दुष्काळात खडी फोडून पोरे जगविलेल्या एक आजीबाई मात्र काही बोलल्या नाहीत. त्यांचे ते गप्प बसणे आमच्या मनातून जाईना, म्हणून हा पाठ लिहीत आहो.

असे समाज ग्रंथांतून पुष्कळ रचले गेले आहेत. प्लेटो नामक ग्रीक तत्त्ववेत्त्याने आपल्या आदर्श नगरातील रक्षकांस स्वतःचे घर व स्वतःची मुले असू नयेत असे सुचविले. हक्सले ह्या इंग्रज लेखकाच्या 1932 सालच्या कादंबरीत तर मुले बाटल्यांत वाढतात आणि 'आई' हा शब्द उच्चारण्याची लोकांस लाज वाटते. परंतु ग्रंथांतील नगरे कागदाचीच. आपल्या मुंबईत, गिरगावाला लागून असलेल्या खेतवाडीत, खरी माणसे असा एक प्रयोग स्वखुशीने जगली. आपण तीच पाहू.

1942 च्या जुलै महिन्यात सरकारने कम्युनिस्ट पक्षावरील बंदी उठविली. त्यानंतर सँडहर्स्ट रोडवरील, म्हणजे पुढे सरदार वल्लभभाई पटेलांचे नाव मिळालेल्या रस्त्यावरील, 'राजभवन' नावाच्या इमारतीत पक्षाची मुख्य कचेरी नांदू लागली. नाव राजाचे, आणि आत राहणारे राजेशाहीचे वैरी! प्रांतोप्रांतींचे तरुण-तरुणी घरदार सोडून तेथे आले. छायाचित्रकार सुनील जाना व चित्रकार चित्तप्रसाद हे त्यांपैकीच. परळ-लालबागच्या गिरणी कामगारांस त्यांच्याच भाषेत वाचावयास मिळावे म्हणून 'लोकयुद्ध' हे मराठी साप्ताहिक निघे. जेवण एका स्वयंपाकघरातील. जो पूर्णवेळ काम करी त्याने आपली मिळकत पक्षाच्या हाती द्यावी व खर्चापुरते मानधन घ्यावे. कवी कैफी आझमी ह्यांच्या कुटुंबास महिना चाळीस रुपये मिळत, असे त्यांच्या कन्येने सांगितले आहे.

ह्या घरात प्रेमाला मज्जाव नव्हता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. लग्न करावयाचे तर पक्षाचे मत घ्यावे अशी रीत होती खरी. परंतु पक्ष जात विचारीत नसे, धर्म विचारीत नसे, हुंड्याचे तर नाव नको. पक्षाचे सरचिटणीस पूरणचंद जोशी ह्यांचा विवाह 1943 साली चितगावच्या क्रांतिकारक कल्पना दत्त ह्यांच्याशी मुंबईत झाला. कैफी शिया आणि हैदराबादच्या शौकत सुन्नी. 1947 साली त्यांचे लग्न मुंबईत सज्जाद जहीर ह्यांच्या घरी लागले. ज्या गावात पोरीने स्वतःचा नवरा पसंत केला तर तिचे हातपाय मोडतात, तेथील वाचकांनी हे जरा थांबून वाचावे. शौकतबाईंस जोशींनी आरंभीच सांगितले होते की, कम्युनिस्टाच्या पत्नीने रिकामे बसू नये, स्वतः कमवावे. ते त्यांस पटलेही.

पुढे दिवस पालटले. 1948 नंतर पक्षाने उठावाचा मार्ग धरला, सरकारने धरपकड आरंभिली आणि कैफी भूमिगत झाले. शौकतबाईंचा पहिला मुलगा लहानपणीच वारला होता. अशा वेळी त्यांस पुन्हा दिवस गेले. पक्षाच्या मंडळींनी विचार करून त्यांस सांगितले की, गर्भ पाडावा. नवरा भूमिगत, पत्नीस नोकरी नाही. मुलाचा खर्च करावा कोणी? शौकतबाई तयार झाल्या नाहीत. हे मूल मला हवे आहे, ह्या एका गोष्टीवर त्या अडून बसल्या. ही हकीकत त्यांनी 'याद की रहगुजर' ह्या आपल्या आठवणींत नमूद केली आहे.

आता सांगणाऱ्यांस दुष्ट म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते दुष्ट नव्हते. त्यांतील प्रत्येकाने आपले सर्वस्व दिले होते, आणि पेटीत पैसे खरोखरच नव्हते. नीट पाहा, की जेथे भाकरी एका टोपलीत येते तेथे नवे तोंड हा सभेचा विषय होतो. ज्याने मिळकत दिली त्याने नकळत निर्णयही दिला. मिळकत देताना हे कोणाच्या ध्यानात येत नाही. पाळण्याची वेळ आली म्हणजे येते.

प्रेषितांच्या कृत्यांतील पहिली मंडळीही सर्व काही सामाईक ठेवीत असे, हे आपण जाणतो. परंतु पाचव्या अध्यायात पेत्र हनन्याला काय म्हणतो ते पुन्हा उघडून पाहावे. शेत विकण्यापूर्वी ते तुझेच होते आणि विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता, असा त्या बोलण्याचा भाव आहे. दोष खोटे बोलण्याचा ठरला, राखून ठेवण्याचा नव्हे. हा भेद आपल्या लोकांनी तरी नेहमी पाळला काय? आमचे आजोबा उपदेशक होते. बदलीचा हुकूम आला तेव्हा आजी अकरा दिवसांची बाळंतीण होती. बैलगाडीत गवत पसरून तिला नेले. आजोबा ही गोष्ट त्याग म्हणून सांगत. आजी तेवढ्यापुरती चुलीकडे वळे आणि म्हणे, "मला कोणी विचारले होते?"

पक्षाचा हुकूम मोठ्यांवरही चाले. ज्या जोशींनी हे घर उभारले त्यांसच 1949 साली पक्षाने बाहेर काढले. ज्यांच्या लग्नांत ते यजमानासारखे वावरले त्यांतील कित्येकांनी त्यांच्याशी संबंध तोडले. 1951 साली त्यांस परत घेण्यात आले. घर, पगार आणि मैत्री ही तिन्ही एकाच दारातून मिळत असली, तर ते दार लागले म्हणजे मनुष्य किती एकटा पडतो!

शौकतबाई मात्र पक्ष सोडून गेल्या नाहीत. 18 सप्टेंबर 1950 रोजी त्यांस मुलगी झाली. पुढे त्या पृथ्वी थिएटरात नोकरी करू लागल्या व तान्ह्या मुलीस सोबत नेत. त्यांचे बिऱ्हाड पक्षाच्या 'रेड फ्लॅग हॉल'मध्ये होते. आठ कुटुंबे, प्रत्येकी एक खोली, न्हाणीघर व शौचकूप सर्वांत मिळून एक. ती मुलगी ह्याच घरात नऊ वर्षांची होईपर्यंत वाढली, आणि तेथील बालपण आनंदाचे होते असे तिने मोठेपणी सांगितले आहे. घरी तिला नुसते मुन्नी म्हणत. अकराव्या वर्षी तिला नाव मिळाले, शबाना. आणि ते ठेवले आईबापांनी नव्हे, तर त्यांच्याच पक्षातील एक कवी अली सरदार जाफरी ह्यांनी.