कळसूबाईची पूर्वतयारी

हिमालयांत साडेतीन-चार हजार मीटरांच्या सुमारास वृक्ष संपतात. आपलें कळसूबाई महाराष्ट्रांत सर्वोच्च, तरी १६४६ मीटरच; परंतु माथ्यावर देवीचें लहानसें देऊळ सोडल्यास ऊन-वाऱ्यास आडोसा नाहीं.

मुकुंदवाडीच्या मुलांनीं याची तयारी देवगिरीवर करावी. महिनाभर आधींपासून, पाण्याच्या बाटल्यांनीं भरलेली पिशवी पाठीवर घेऊन, बारादरीपर्यंत दोनतीनदां चढावें. तेथें जो मागें पडेल त्यास हंसूं नये. त्याचीच चाल ती सर्वांची चाल. कळसूबाईवर त्यासच पुढें ठेवावें, व शिक्षकांनीं अगदीं मागें राहावें. जलद मुलें पुढें धांवलीं कीं तुकडी फुटते, आणि मग शेवटचा मुलगा एकटा पडून वाट चुकतो.

पालकांनीं नवे जोडे ऐन त्या दिवशीं देऊं नयेत. पाणी मात्र निदान तीन लिटर द्यावें.

बारी गांवाहून उजाडतांच निघावें. परतण्याची वेळ पायथ्याशींच ठरवावी. शिखर समोर दिसूं लागल्यावर कोणाचीही बुद्धि स्थिर राहत नाहीं! ढग दाटूं लागतांच, गडगडाटाची वाट न पाहतां, उतरूं लागावें. कारण परतीची वाट त्याच लोखंडी शिड्यांवरून आहे.