काढणे आणि निवडणे

चित्र काढणे ही एक क्रिया. काढलेल्या चित्रांपैकी कोणते ठेवावे हे ठरविणे ही दुसरी. चित्रकाराच्या हातून या दोन्ही इतक्या एकजीव होऊन घडतात की त्या वेगळ्या आहेत हे ध्यानात येत नाही. यंत्राला चित्रकला शिकवू पाहणाऱ्यास मात्र त्या निराळ्या कराव्याच लागतात.

हॅरल्ड कोहेन (१९२८-२०१६) हा ब्रिटिश चित्रकार. १९६८ मध्ये तो कॅलिफोर्नियात अध्यापनासाठी गेला. तेथे त्याचा संगणकाशी परिचय झाला आणि १९७० नंतरच्या काही वर्षांत ‘ॲरन’ ही आज्ञावली आकाराला आली. ॲरनला नमुन्यादाखल एकही चित्र दिलेले नव्हते. दिले होते ते नियम : बंद आकृती कोणती व उघडी कोणती, आत काय व बाहेर काय, एक आकार दुसऱ्याच्या पुढे आला तर मागच्याची रेषा कोठे थांबवावी. कागदावर आतापर्यंत काय उमटले याची नोंद पाहून ॲरन पुढची रेषा ठरवी. त्यात थोडी यदृच्छा मिसळलेली असल्यामुळे एक चित्र दुसऱ्यासारखे निघत नसे. पुढे झाडे व माणसे रेखाटण्याची पाळी आली तेव्हा अवयव कसे जोडलेले असतात, उभ्या माणसाचा तोल कसा सावरला जातो, हेही नियमांच्या रूपात सांगावे लागले. रंग पुष्कळ वर्षे कोहेन स्वतः भरी. १९९० नंतरच्या दशकात तेही काम यंत्राकडे गेले.

तथापि नोंद म्हणजे दृष्टी नव्हे. पुरे झालेले चित्र उत्तम की सामान्य, हा प्रश्न ॲरनला पडतच नसे. उत्तरकाळात संगणक रात्रभर चित्रे काढी आणि सकाळी कोहेन त्यांतून निवड करी. रेषेचे नियम त्याला लिहिता आले, आवडीचे आले नाहीत; आणि यात नवल नाही, कारण आवड नियमाआधीच कृतीत उतरते.

म्हणून पुढच्यांनी नियमांऐवजी उदाहरणांचा मार्ग धरला. २०२१ मध्ये मारिओ क्लिंगेमान या जर्मन कलावंताच्या कल्पनेतून ‘बोटो’ ही व्यवस्था सुरू झाली. तिने असंख्य चित्रे काढावी, स्वतःच्या चाळणीतून आठवड्याला ३५० निवडावी, सभासदांनी त्यांवर मते द्यावी आणि त्या मतांवरून चाळणी सुधारावी, अशी ही योजना. हिला स्वायत्त म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु चाळणीची भोके मतदारच पाडतात. शिवाय आवडलेल्यासारखेच पुन्हा काढत राहिल्यास चित्रे एकसुरी होण्याचा धोका असतो. त्यावर उपाय म्हणून पूर्वीच्या पसंतीशी न जुळणारी काही चित्रेही मुद्दाम मतदारांपुढे ठेवली जातात.