गिअरबॉक्स गेला म्हणाले, तरी लगेच हो म्हणू नकोस

अगं सोनू, काल फोनवर तुझा आवाज ऐकूनच कळलं, गॅरेजवाल्यानं तुला घाबरवलंय. "ताई, गिअरबॉक्स गेला" हे मीही ऐकून बसलेय. खंबाटकीच्या घाटात माझी गाडी तिसऱ्या गिअरला चिकटली ती सुटेचना. साताऱ्यात शिरल्यावर प्रत्येक सिग्नलला गाडी उचलताना जीव नकोसा झाला. पहिल्या गॅरेजनं अख्ख्या गिअरबॉक्सचं एस्टिमेट हातात ठेवलं. निघालं काय, तर एक सोलेनॉइड. अंगठ्याएवढं!

आधी सांग, तुझी गाडी एएमटी तर नाही ना? त्यात साधाच क्लच मशीन दाबतं, थोडा हिसका बसायचाच. मी बोलतेय ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीबद्दल. तिच्यात गिअर पडतो ऑइलच्या प्रेशरवर. बाबा शेतात दारं धरायचे आठवतं? एक वाफा भरला की पाणी दुसऱ्यात. ऑइलच्या वाटा असलेल्या व्हॉल्व्ह बॉडीवरची सोलेनॉइड तेच करतात. तारेचं वेटोळं आणि आत सरकणारी दांडी. करंट आला की ऑइलची वाट उघडते किंवा बंद होते. दांडीत कचरा अडकला किंवा तार तुटली, की गिअर उशिरा पडतो, झटका बसतो. आणि असा बिघाड दिसला की कॉम्प्युटर गाडीला एकाच गिअरवर धरून ठेवतो. त्याला लिंप मोड म्हणतात. म्हणजे माझी गाडी तेव्हा स्वतःला जपत होती, आणि मी तिला शिव्या देत होते.

आता तू काय करायचंस? आधी ऑइल बघ. डिपस्टिक असेल तर पातळी मॅन्युअलमध्ये लिहिलंय तशीच मोजायची. बहुतेक गाड्यांत इंजिन गरम आणि चालू ठेवून. ऑइल काळं आणि करपल्या वासाचं असेल तर आतल्या क्लच प्लेटा जळाल्याची शंका येते. मग नुसत्या सोलेनॉइडनं भागणार नाही, हे मनाशी धर. बॅटरीही तपासून घे. ती अशक्त असली तरी बिघाडाचे नाही नाही ते कोड येतात.

मग स्कॅनर लावायला सांग आणि कोडचा आकडा स्वतः लिहून घे. हे विसरू नकोस. पी०७०० म्हणजे फक्त "ट्रान्समिशनमध्ये काहीतरी आहे, पुढचा कोड बघा". पी०७५३ आला तर भानगड विजेची: कनेक्टर, वायर, नाहीतर आतलं वेटोळं. पी०७५१ आला तर दांडी अडकलेली असू शकते, वेटोळं ठणठणीत असूनही. इथेच लोक फसतात. कोडमध्ये "सोलेनॉइड" दिसलं की सोलेनॉइड बदलतात, आणि दोष निघतो ऑइल झिरपलेल्या कनेक्टरमध्ये.

म्हणून वेटोळ्याचे ओहम मोजल्याशिवाय पार्ट मागवू द्यायचा नाही. कितीतरी जपानी गाड्यांत साध्या चालू-बंद सोलेनॉइडचा आकडा ११ ते १५ ओहम असतो, प्रेशर सांभाळणाऱ्याचा ५ च्या आसपास. तुझ्या गाडीचा मॅन्युअलमधूनच घ्यायचा. माझं थंड असताना १३ दाखवायचं आणि तापलं की सर्किटच तुटायचं. म्हणून गरम झाल्यावरही मोजायला लाव. बाहेर काढलेल्या चालू-बंद सोलेनॉइडला १२ व्होल्ट दिले की टक् असा आवाज यायला हवा. प्रेशरवाल्याला मात्र थेट बॅटरी लावू देऊ नकोस, वेटोळं जळेल.

बदलायचं ठरलंच, तर गिअरबॉक्सखालचा पॅन उघडताना तिथे उभी राहा. तळाच्या चुंबकाला राखाडी चिखल असणारच, ती नेहमीची झीज. चमकणारे तुकडे दिसले तर काम तिथेच थांबव आणि मला फोन कर. नवी ओ-रिंग कोरडी बसवायची नाही, ऑइलचं बोट लावून बसवायची. बोल्ट टॉर्क रेंचनंच आवळायचे, कारण व्हॉल्व्ह बॉडी ॲल्युमिनियमची असते आणि हातानं जोर लावला की आटे जातात. फिल्टर आणि गॅस्केट नवीन. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. "सगळ्याला चालतं" म्हणणाऱ्याचं घेऊ नकोस. नंतर कॉम्प्युटरनं शिकलेली जुनी सेटिंग स्कॅनरनं पुसून घे, नाहीतर चांगल्या पार्टवरही झटके बसत राहतील.

आणि हो, आत्ता गाडी दुसऱ्या गॅरेजला न्यायची तर दोरीनं ओढून नाही हं. इंजिन बंद म्हणजे आतला पंप बंद, आणि चाकं फिरली की गिअरबॉक्स कोरडा घासतो. फ्लॅटबेड बोलाव. पैसे मी पाठवते.