कोंबडी घरची, कलेजी कुणाची?

वाडीवस्तीत आजही अनेक घरी चार-पाच गावरान कोंबड्या असतात. सकाळी खुराडे उघडायचे, मूठभर कणी टाकायची, संध्याकाळी मोजून आत घ्यायच्या. खुडूक बसलेल्या कोंबडीखाली अंडी ठेवायची आणि एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतात का ते पाहायचे. हे सगळे काम घरातल्या बाईचे. पण कोंबडी शिजल्यावर तिच्यातले काय कुणाच्या ताटात पडते? आरोग्य तपासणीसाठी घरोघर जाताना आम्ही हा प्रश्न विचारतो. उत्तर बहुधा एकच असते. कलेजी-पेटा पुरुषांना, चांगले तुकडे पाहुण्यांना आणि मुलांना, आणि शेवटी जेवणाऱ्या बाईला मान आणि रस्सा.

हा मानापमानाचा प्रश्न आहेच, पण रक्ताचाही आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या सुमारे 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. दम लागणे, चक्कर येणे, पायात गोळे येणे याला आपण ‘कामाचा थकवा’ म्हणतो. पुष्कळदा तो लोहाच्या कमतरतेचा थकवा असतो.

कोणत्या भागात काय?

100 ग्रॅम कोंबडीच्या कलेजीत साधारण 9 मिलिग्रॅम लोह असते. छातीच्या मांसात ते 1 मिलिग्रॅमही नसते. कलेजीत फॉलिक ॲसिड, बी-12 आणि अ जीवनसत्त्वही भरपूर असते. पेट्यात प्रथिने चांगली आणि चरबी कमी असते. मांसातले लोह भाजीतल्या लोहापेक्षा शरीराला सहज मिळते. शिवाय मांसाचा तुकडा सोबत असला की डाळ-भाजीतले लोहही जास्त शोषले जाते. वरून लिंबू पिळावे. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, चहामुळे लोह शोषले जात नाही. तो तास-दीड तासाने घ्यावा.

म्हणून आमचे सांगणे सरळ आहे. कलेजी वयात आलेल्या मुलीला आणि रक्त कमी असलेल्या बाईला आधी वाढा. फक्त गर्भवतींनी ती टाळावी. तिच्यातले जास्तीचे अ जीवनसत्त्व पोटातल्या बाळाला, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, अपाय करू शकते. गर्भवतींसाठी नीट शिजवलेले अंडे, मांस, डाळ आणि दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या. कलेजी खाल्ली म्हणून कुणीही गोळ्या बंद करू नयेत.

आजाऱ्याला आणि बाळंतिणीला नुसते सूप देण्याची आपल्याकडे रीत आहे. सूप पोटाला हलके असते, पाणी आणि मीठ पोटात जाते, हे खरे. पण प्रथिने मुख्यतः तुकड्यात राहतात. चावता येत असेल तर तुकडाही द्या, नाहीतर मांस बारीक कुस्करून त्याच सुपात घाला. पायांचे सूप चवीला छान असते, पण त्याने रक्त वाढत नाही.

एका गावरान अंड्यात सुमारे 5 ग्रॅम प्रथिने असतात. सगळी अंडी विकून त्या पैशांत मुलांसाठी बिस्किटांचे पुडे आणणे हा तोट्याचा व्यवहार आहे. आठवड्याची निम्मी अंडी घरात ठेवा. कच्चे अंडे दुधात घालून पिऊ नका, उकडूनच खा.

मान, पाय, पेटा खाणे हे गरिबीचे लक्षण म्हणून काही जण लाजतात. लाज वाटायचे कारण नाही. स्वच्छ केलेले आणि पूर्ण शिजवलेले अन्न हे अन्नच आहे.

कापताना आणि साफ करताना

कापण्याआधी आठ-दहा तास दाणा बंद ठेवा, पाणी मात्र द्या. आतडी रिकामी असली की घाण मांसाला लागत नाही. कलेजीला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी न फोडता काढा. पेटा चिरून आतली खडे-माती धुवा आणि पिवळी साल सोलून टाका. पायांची वरची साल गरम पाण्यात बुडवून काढा, नखे छाटा. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट कोशिंबिरीला वापरू नका. हात साबणाने धुवा. हाडाजवळचे मांस लालसर राहता कामा नये.

आतडी आणि पिसे उकिरड्यावर फेकली की कुत्री, माश्या आणि दुर्गंधी येते. खोल खड्ड्यात पुरून वर माती टाका. विष्ठा ताजी झाडाला घालू नका, मुळे जळतात. पालापाचोळ्यात दोन-तीन महिने कुजवा, परसातल्या वांगी-मिरचीला उत्तम खत होते. अंड्याची टरफले भाजून, चुरून कोंबड्यांनाच घाला, चुना मिळतो.

कोंबडी आजारी पडली तर

मान वाकडी होणे, हिरवी पातळ विष्ठा, एकामागून एक मरणे ही मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लक्षणे असू शकतात. त्यावर औषध नाही, लस आहे. पिल्लू आठवड्याचे व्हायच्या सुमारास लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात देतात. गटातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी पिल्ले आणली तर पशुवैद्यकीय दवाखान्याची एक कुपी सर्वांना पुरते.

आपोआप मेलेली कोंबडी कापू नका, खाऊ नका, विकू नका. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू कोंबड्यांत सापडला, लाखो पक्षी मारावे लागले. एकदम अनेक कोंबड्या मेल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मुलांना दूर ठेवा. हाताळलेल्या माणसाला ताप-खोकला आला तर डॉक्टरांना कोंबड्यांची गोष्ट आवर्जून सांगा.

खुराडे झोपायच्या खोलीत ठेवू नये. झाडताना नाकातोंडाला फडके बांधावे.

येत्या महिन्यात प्रत्येक गटाने दोन कामे करावीत. सर्व बायका-मुलींचे हिमोग्लोबिन उपकेंद्रात तपासून वहीत लिहावे आणि पिल्लांच्या लसीची तारीख ठरवावी. आणि घरी पुढची कोंबडी शिजेल तेव्हा वाढणारीने आपले ताट सर्वांबरोबर मांडावे.