माहेरची आठवण आणि परदेश

‘माहेर’ हा शब्द ‘मातृगृह’ या संस्कृत शब्दावरून आला आणि ‘सासर’ हा ‘श्वशुरगृह’ यावरून. दोन्ही शब्दांत घर आहेच. पण एकात आई आहे, म्हणून त्याची ओढ निराळी. पंढरीला संतांनी माहेर म्हटले हे वारकऱ्याला नव्याने सांगावयास नको. आज आम्हांस विचार करावयाचा आहे तो ज्या साध्या, घरगुती ओढीवरून हा दृष्टांत घेतला, त्या ओढीचा. कारण ती आता आपल्या घराघरांत येऊन बसली आहे. कोणाचा मुलगा जर्मनीत, कोणाची लेक अमेरिकेत. दुपारी रिंगण सुरू झाले की शेजारचा वारकरी फोन वर धरतो, आणि पलीकडे न्यूयॉर्कला पहाटेच्या अंधारात नातू डोळे चोळीत घोडा पाहत असतो.

एका गावी कीर्तन आटोपल्यावर एक आई भेटावयास आल्या. म्हणाल्या, “बुवा, लेक फोनवर रडते हो. नोकरी चांगली, जावई चांगले, घरसुद्धा उबदार. पण म्हणते, सकाळी उठल्यावर कोणी चहाला हाक मारीत नाही. आमचे एक नातेवाईक म्हणतात, हा मोह आहे. तिला म्हणावं, देवाधर्मात मन घाल. आज रात्री तिचा फोन यायचा आहे. काय सांगू तिला?”

मोहाचे नाव घेतले की पुष्कळ प्रश्न मिटल्यासारखे वाटतात. आमच्या कीर्तनकारांतही ही सवय आहे. सगळा संसारच परदेश, मग तू कुठल्या परदेशाचे रडतेस, असे एक टाळीचे वाक्य टाकून मोकळे व्हावयाचे. आम्हांस हे पटत नाही. मोह म्हणजे विपरीत ज्ञान, नाही ते आहे असे वाटणे. त्या मुलीला जे आठवते ते खोटे नाही. आई खरी, चहा खरा, हाकही खरी. मग यात विपरीत ते काय?

नैयायिकांनी स्मृतीचा विचार फार बारकाईने केला आहे. ते म्हणतात, अनुभव येऊन जातो, पण मागे संस्कार ठेवतो. तो संस्कार निजलेला असतो. त्याला जागे करणारे काही भेटले की स्मृती उत्पन्न होते. त्या जागे करणाऱ्याला ते ‘उद्बोधक’ म्हणतात. सारखी वस्तू दिसणे हा एक उद्बोधक, चिंतन हा दुसरा, अदृष्ट हा आणखी एक. आता पाहा, परक्या देशातील स्वयंपाकघरात त्या मुलीने हिंगाची डबी उघडली. तिने आठवण काढली काय? नाही, आठवण आली. मराठी भाषा मोठी शहाणी. ‘आठवण काढणे’ आणि ‘आठवण येणे’ ही दोन कामे तिने वेगळी ठेवली आहेत. जी आली तिचा दोष माणसाकडे नाही. दिवसभर उकरून काढीत बसणे, ते मात्र आपल्या हाती आहे.

बरे, आठवते तरी काय? कालिदासाचा यक्ष पाहा. कामात चुकला म्हणून कुबेराने त्याला वर्षभरासाठी अलकेबाहेर घालविले. तो रामगिरीवर राहिला. पुष्कळ विद्वान त्या रामगिरीला आपल्या नागपूरजवळचे रामटेक मानतात. आठ महिने गेले, आषाढ लागला, डोंगरावर ढग आला आणि त्याचा धीर सुटला. आपले घर ओळखावे कसे हे तो ढगाला सांगतो, तेव्हा रत्नांच्या पायऱ्यांची विहीर सांगतो खरी. पण त्याच दमात बायकोने मुलासारखे वाढविलेले मंदाराचे लहान झाडही सांगतो, ज्याच्या फांद्या फुलांनी वाकून हाताला लागतात. रत्ने कोणाच्याही घरी असतील. ते झाड त्याचेच.

परदेशात गेलेल्यांचेही असेच. तेथे कडधान्य मिळते, लोणचे मिळते, हिंदी दुकानात ज्वारीचे पीठही मिळते. पण ते पीठ जुने. त्याची विरी गेलेली. भाकरी थापताना कडा फाटतात आणि मुलीच्या डोळ्यांत पाणी येते. (आमच्या घरातून सांगणे आहे की अशा पिठात आधणाचे पाणी घालून चांगले मळावे, म्हणजे भाकरी धरते.) रडू येते ते केवळ भाकरीसाठी नव्हे. उशीर झाला तर ताट झाकून ठेवणारे कोणी होते, न मागता समजत होते, त्यासाठी.

येथे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र आठवावे. इ. स. 1883 च्या एप्रिलमध्ये अठरा वर्षांची ही मुलगी कलकत्त्याहून जहाजात बसली. यजमान बरोबर नाहीत, आपले अन्न नाही, थंडी कधी पाहिलेली नाही. अमेरिकेत न्यू जर्सीतील रोसेल येथे कार्पेंटर नावाच्या बाईंनी त्यांना घरी ठेवून घेतले. ओळख केवळ पत्रांची. पण आनंदीबाई त्यांना मावशी मानीत. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना मात्र खोलीत एकटे राहणे आले आणि तेथील हिवाळ्याने प्रकृती खालावली. त्यांनी शाकाहार सोडला नाही, साडी सोडली नाही आणि अभ्यासही सोडला नाही. मार्च 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. क्षय घेऊन घरी आल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यास वारल्या. वय बावीसही पुरे नव्हते. त्यांची रक्षा पुढे त्या मावशींकडे धाडली गेली. न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथे कार्पेंटरबाईंच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती आजही आहे. इतकी ओढ सोसून त्या घरी परतल्या, आणि रक्षा परक्या देशी गेली! पण ‘परक्या’ हा शब्द येथे लिहिताना आमचा हात अडखळतो. ज्या घरात एका बाईने त्यांचे खाणेपिणे, थंडीवारा पाहिला, ते घर परके म्हणावे कसे?

असो. त्या आईंना आम्ही एवढेच म्हणालो की, लेकीला रडू द्या. ‘मोह’ म्हणू नका आणि ‘परत ये’ असेही घाईने म्हणू नका. आठवणीत घर असते, घरातील कटकट नसते. म्हणून तिला ती कटकटही सांगत जा. नळाला पाणी आले नाही, शेजारच्या काकूंचा गुडघा धरला, मामा अजून रुसलेले आहेत. घर चित्रासारखे भिंतीवर टांगले गेले की त्याच्याकडे पाहून नुसते रडू येते. चालते-बोलते राहिले म्हणजे बोलता येते. आणि तिला विचारा, तिच्या इमारतीत दुसरी कोणी आपल्यासारखीच नवी आली आहे काय. असेल तर तिला एक दिवस जेवायला बोलाव म्हणावं, भाकरीच्या कडा फाटल्या तरी चालतील.

यावर कोणी शंका घेईल की, बुवा, हे तर संसारी उपाय झाले. संतांनी काय केले? त्यास उत्तर नामदेवरायांचे. पंढरीवर त्यांच्याइतके जडलेले मन दुसरे कोणते? तरी परंपरा सांगते की ज्ञानदेवांच्या समाधीनंतर ते उत्तरेस गेले आणि पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे बरीच वर्षे राहिले. तेथे मराठी कोणास कळणार? त्यांनी तिकडच्या लोकांच्या बोलीत पदे केली. त्यांची एकसष्ट पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत आणि शीख बांधव ती नित्य गातात. 2015 साली मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा इकडचे लोक तिकडे गेले, आणि आपल्या नामदेवांना त्या गावचे लोक ‘बाबा नामदेव’ म्हणून घरच्या वडीलधाऱ्यासारखे मानतात हे त्यांनी पाहिले.